नाव तिचं, नंबर त्याचा

आमच्या घरात हात आधी उठायचा, शब्द मागून यायचे. आप्पांचं मिरजगावला हायवेवर ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं. पाना वेळेवर हातात पडला नाही तर तो गड्याच्या पाठीत बसायचा, आणि भाकरी गार लागली तर ताट आईच्या अंगावर जायचं. मी त्यांचीच लेक. चौथीत असताना वेणी ओढली म्हणून एका मुलाचं डोकं मी फळ्यावर आपटलं, त्याबद्दल गुरुजींनी मला छडीने फोडून काढलं, आणि शाळेत मार खाऊन आले म्हणून घरी आप्पांनी वेगळं बडवलं. मारामारीचं मला त्यामुळे कधी नवल वाटलं नाही. राग मात्र दर वेळी कोरा करकरीत येतो.

कॉम्प्युटरकडे मी वळले त्याचं एक कारण असं की तिथे कुणी अंगावर येत नाही, अशी माझी समजूत होती. इंजिनिअरिंग झालं, थोडे दिवस पुण्यात काढले, आईचं दुखणं निघालं म्हणून नगरला परतले. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहितात, तोंडात अजून नगरच येतं. एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर टायरच्या दुकानावर एका खोलीत आमचं ऑफिस होतं. खाली दिवसभर टायर आपटायचे, हवेचा पंप धापा टाकायचा, आणि वर आम्ही दोघं: सर, म्हणजे ऑफिसचे मालक, आणि मी.

आमचं मुख्य काम एका दूध संघाचं. संघाची केंद्रं गावोगाव. सकाळ-संध्याकाळ लोक कॅन घेऊन येतात, दूध घालतात, वजन होतं, फॅट लागते, म्हणजे स्निग्धांश मोजून भाव ठरतो, आणि ते सगळं काट्याच्या मशीनमधून मोबाईलमधल्या ॲपवर चढतं. ॲपमध्ये लॉगिन असल्याशिवाय मशीन चालू होत नाही. ॲप पुण्याच्या एका कंपनीने बनवलेलं. केंद्रचालकांची खाती सांभाळायचं काम आमच्याकडे. त्यासाठी कंपनीने आम्हाला एपीआय दिला होता. आईने एकदा विचारलं, हे एपीआय काय असतं गं? मी म्हटलं, कचेरीतली खिडकी समज. ठरलेल्या पद्धतीने मागणी लिहून आत सरकवायची, आतला माणूस मान वर न करता काम करून देतो. फक्त हा आतला माणूस जेवायला जात नाही आणि उद्या या म्हणत नाही. आई म्हणाली, मग ती कचेरी आपल्याकडची नसणार.

त्या खिडकीतून मी काहीही करू शकत होते. नवं खातं काढायचं, नाव बदलायचं, मोबाईल नंबर बदलायचा, खातं गोठवायचं, उडवायचं, कुणी लॉगिन करून आत बसला असेल तर त्याला हाकलून द्यायचं. आमच्या धंद्यातली भाषाच मारकी आहे. युजर उडव, सेशन मार, टोकन जाळ. एक लांबलचक अक्षर-आकड्यांची ओळ माझ्याकडे होती, तिला आम्ही की म्हणायचो. ती जोडून मागणी पाठवली की खिडकी कारण विचारत नसे. मला ती ताकद फार आवडायची, हे सरळ सांगते. संघाच्या एका सुपरवायझरने फोनवर मला आईवरून शिवी दिली तेव्हा मी त्याचं खातं गोठवून डबा खायला बसले. डबा संपायच्या आत त्याचा फोन आला आणि त्यात दर वाक्याला म्हॅडम होतं.

संघाने त्या वर्षी ठरवलं की नवी केंद्रं बायकांच्याच नावावर द्यायची. वरून कसलीशी योजना आली होती. सुपरवायझर लोकांनी गावोगावची माहिती पाठवली आणि मी ती एपीआयमधून एकेक करून चढवली. प्रत्येक ओळीत नाव बाईचं होतं आणि मोबाईल नंबर नवऱ्याचा. कुठे दिराचा, कुठे सासऱ्याचा. मी त्या शिवीवाल्या सुपरवायझरला विचारलं, हे असं कसं? आता तो आदबीने बोलायचा. म्हणाला, "म्हॅडम, घरात जो फोन हाय तोच दिलाय की. मालकाचा काय नि बाईचा काय." म्हणजे खातं बाईचं, पण ते उघडायला लागणारा ओटीपी जायचा मालकाच्या खिशात. मी चढवून टाकलं. कामच ते होतं.

मग एक दिवस जामखेडकडून एका बाईचा फोन आला. बाईंच्या खात्यावर वय चाळिशीचं होतं, आवाज त्याहून म्हातारा वाटला.

"ताई, मशीन चालू हुईना."

"लॉगिन करा ना, मावशी. ओटीपी येईल."

"ओटीपी मालकाच्या फोनवर जातुय."

"मग त्यांना विचारा."

पलीकडे नुसते कॅन आपटल्याचे आवाज. मग ती म्हणाली, "इचारते की रोज. एक आकडा सांगतो नि एक थोबाडीत देतो. मग दुसरा सांगतो, दुसरी देतो. दूध घालाया आल्याली मानसं हुबी असत्यात. बघत असत्यात."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि परत घातला. अंगात जाळ उठला होता. मी म्हटलं, "मावशी, पहिल्यापासून सांगा."

तिने सांगितलं ते असं. केंद्र तिच्या नावावर मिळालं तरी सुरुवातीला काट्यावर नवराच बसायचा. तो दुधात पाणी ओतायचा आणि ओळखीच्यांची फॅट वाढवून लावायचा. लोकांनी दूध घालायचं बंद केलं. तेव्हा ही स्वतः काट्यावर बसली. वजन सरळ, फॅट सरळ. लोक परत आले, शेजारच्या वस्तीवरचेही यायला लागले. नवऱ्याच्या ते नाकाला झोंबलं. आता त्याला केंद्र धाकट्या भावाला द्यायचं होतं, आणि संघाचे अध्यक्ष त्याचे सख्खे मामा. मामांनी निवाडा करून टाकला होता की ज्याच्या हातात लॉगिन, त्याचं केंद्र. लॉगिन नवऱ्याच्या फोनवर. म्हणजे एक दिवस तो आकडे सांगायचे बंद करेल आणि केंद्र गेलं.

"केंद्र गेलं तर मी काय करू, ताई? त्या घरात मला दुसरं हाय काय?"

तिने स्वतः ॲपमधून नंबर बदलायचा तर नियम असा की जुन्या नंबरवर ओटीपी जाणार. म्हणजे पुन्हा नवरा. एपीआयमधून मी बदलू शकले असते, पण नंबरासाठी सरांची परवानगी लागायची. मी त्यातल्या त्यात एक गोष्ट केली. एपीआयमधून तिचं लॉगिन लांबवून ठेवलं, म्हणजे रोज सकाळी ओटीपी मागायची वेळ येऊ नये. पुढचे काही दिवस बरे गेले. मग नवऱ्याला ॲपमध्ये एक बटण सापडलं, सगळ्या फोनवरून बाहेर काढायचं. रोज संध्याकाळचं दूध झालं की तो ते दाबायचा. सकाळी पुन्हा मशीन बंद, पुन्हा आकडे, पुन्हा थोबाडीत. मी लांबवायचे, तो तोडायचा. मी नगरमध्ये बसून आणि तो जामखेडच्या बाजूला बसून आमची ही मारामारी चालली होती आणि गाल तिचा सुजत होता.

मी सरांकडे गेले. सर स्वभावाने वाईट नव्हते, पण शेपूट घालण्यात पटाईत. म्हणाले, "हे बघ, आपण कुणाच्या संसारात शिरायचं नाही. बाईंना म्हणावं अध्यक्षांचं पत्र आणा, आपण लगेच नंबर बदलू."

"अध्यक्ष त्याचे मामा आहेत, सर."

"मग तर आपण अजिबातच शिरायचं नाही."

मी दार आपटून बाहेर आले. दाराची कडी निसटली, ती नंतर कुणी बसवलीच नाही.

ती स्वतः ऑफिसला आली तेव्हा सर श्रीगोंद्याला एका कारखान्याच्या कामाला गेले होते. दुपार होती. जिन्यावर कुणीतरी बसून राहिल्यासारखं वाटलं म्हणून मी बाहेर डोकावले. डोक्याला साडीच्याच रंगाचं फडकं बांधलेली बाई पायरीवर बसली होती. फडक्यातून रक्त येऊन भुवईवर वाळलं होतं. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात नवा मोबाईल.

"तुमीच का त्या ताई?"

मी आत घेतलं, पाणी दिलं. पाणी पिताना तिचे दात भांड्यावर वाजत होते. सकाळी त्याने शेवटचा आकडा सांगितलाच नाही. म्हणाला, उद्यापासून माझा भाऊ बसणार. ती काट्यावरून उठेना, तेव्हा त्याने कॅनचं ॲल्युमिनियमचं झाकण उचललं आणि तिच्या कपाळावर घातलं. दूध घालायला आलेल्या कुणीतरी "आरं, आरं" म्हटलं, इतकंच. ती तशीच उठली, माहेरच्या भावाने घेऊन दिलेला, पिठाच्या डब्यात लपवलेला मोबाईल काढला आणि नगरची एसटी धरली.

"नंबर बदलून द्या," ती म्हणाली. "मला बाकी काय नको. पोलिसात जा म्हनू नका, म्हायेरी जा म्हनू नका. नंबर बदला."

मी खुर्चीत बसले आणि की जोडून मागणी लिहायला घेतली. पाठवायच्या आधी थांबले. तिला एक गोष्ट सांगणं भाग होतं.

"मावशी, नंबर बदलला की जुन्या नंबरवर आपोआप मेसेज जातो. तुमचा मोबाईल नंबर बदलण्यात आला आहे म्हणून. ते कंपनीने करून ठेवलंय, चोरून कुणी बदलू नये यासाठी. मला बंद करता येत नाही. त्यांना लगेच कळणार."

मला वाटलं ती घाबरेल. तिने पदराने भुवई पुसली. म्हणाली, "कळू द्या की. कळायलाच पायजे."

"तुम्ही घरी पोचायच्या आत कळेल."

"मी घरी जातच न्हाई आत्ता. गावात गाठलं त्यानं तर मधी कुनी पडत न्हाई. हितं खाली एवढी मानसं हायत. मी हितंच बसते. येऊ द्या त्याला."

तिने तो विचार एसटीत बसून पुरता केला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी मागणी पाठवली. आधी त्याला आतून हाकललं, मग नंबर बदलला. खिडकीपलीकडून उत्तर आलं, झालं म्हणून. तिच्या नव्या फोनवर तिचा पहिला ओटीपी आला तेव्हा तिने तो मोठ्याने वाचला, शाळेतल्या पोरीसारखा एकेक आकडा सुटा करून. मग हसली. गाल सुजलेला असल्यामुळे तिला ते दुखलं.

मी खाली जाऊन टायरवाल्या चाचांना सांगून आले की वर भांडण होण्यासारखं आहे, लक्ष ठेवा. चाचा म्हणाले, "हाक मारा नुसती." पण खाली त्या वेळी ट्रकचा टायर उतरवणं चाललं होतं आणि हवेच्या पंपाच्या आवाजात हाक काय, बॉम्ब ऐकू आला नसता.

तो तिला शोधत मोटारसायकलवर नगरकडेच निघालेला होता. मेसेज त्याला वाटेत मिळाला असणार, आणि ऑफिसचा पत्ता ॲपमध्ये मदत म्हणून लिहिलेला होताच. मी राक्षसाची वाट बघत होते. आला तो किडकिडीत, पांढरा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. दारात चपला काढल्या त्याने.

"नमस्कार म्हॅडम," तो म्हणाला. "आमच्या मंडळी हितं आल्यात का?"

मंडळी समोरच बसली होती. त्याने मागे हात नेऊन दार लोटलं, दोन पावलांत तिच्यापाशी गेला आणि फडक्यासकट तिचे केस मुठीत धरले. एक शब्द न बोलता त्याने तिचं तोंड माझ्या टेबलावर आपटलं. कीबोर्डवर. कीबोर्डची बटणं खोलीभर उडाली. पुन्हा आपटलं, तेव्हा स्क्रीन खाली पडून फुटला. तिने आवाज केला नाही, तिला सवय होती. आवाज मी केला. मी पाण्याची स्टीलची बाटली उचलून त्याच्या कानशिलावर हाणली, होती नव्हती ती सगळी ताकद लावून, आणि मला तेव्हा बरं वाटलं, फार बरं वाटलं. तो हेलपाटला. मग त्याने माझा उजवा हात धरून उघड्या ड्रॉवरमध्ये कोंबला आणि गुडघ्याने ड्रॉवर लावला. बोटं मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. खाली पंप चालू होता.

"माझा नंबर परत टाक," तो म्हणाला. आता म्हॅडम गेलं होतं. एका हातात तिचे केस तसेच होते, तिचा गाल टेबलाला दाबून धरलेला. "टाक, न्हाईतर हिचं नरडं दाबतो आन मग तुझं."

"टाकू नका," ती टेबलावरूनच म्हणाली. तिच्या तोंडातून रक्ताची लाळ गळत होती. त्याने तिचं डोकं आणखी दाबलं.

सरांच्या टेबलावरचा लॅपटॉप शाबूत होता. मी तो डाव्या हाताने ओढला. एपीआयची खिडकी त्यावरही उघडलेलीच होती. एका मागणीत मी नंबर परत फिरवू शकले असते. पण मला आप्पांचा राग आहे तसं आप्पांचं डोकंही आहे. मी वेगळी मागणी लिहिली. नवं खातं. नाव त्याचं, नंबर त्याचा, केंद्राच्या जागी काहीच नाही. कोरं, आत काही नसलेलं खातं. डाव्या हाताने एकेक अक्षर शोधत लिहिलं आणि पाठवलं.

त्याच्या खिशात फोन वाजला. त्याने एका हाताने काढून वाचलं. आपले खाते तयार झाले आहे, आपले स्वागत आहे.

त्याचा चेहरा एकदम सैल पडला. मी इतक्या पटकन शांत होणारा माणूस पाहिला नव्हता. त्याने तिचे केस सोडले, तीच मूठ उघडून स्वतःच्या केसांवरून फिरवली, शर्ट खाली ओढला. ती घसरून फरशीवर बसली. तो म्हणाला, "बघा म्हॅडम, सरळ सांगितलं की हुतंय. उगीच वाढवलं." आणि मग त्याने माझ्याकडे प्यायला पाणी मागितलं. खरंच मागितलं. मी मोडलेली बोटं पोटाशी धरून त्याच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, जा आता, जा, खाली उतर, एवढा जिना उतर.

तो दाराकडे वळला. चपलेत पाय घातला. आणि फरशीवरून ती बोलली.

"त्येच्यात काय बी न्हाई. रिकामं खातं दिलंय तुला ताईंनी. केंद्र माझ्याच नंबरवर हाय."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती, एका डोळ्याने, दुसरा सुजून मिटला होता. तिला फसवून मिळालेलं नको होतं. तिला ते त्याच्या तोंडावर सांगायचं होतं. मार खाऊन सांगायचं होतं, पण सांगायचं होतं. मला तिचा इतका संताप आला आणि इतकं भरून आलं की दोन्ही एकदम कसं मावलं कोण जाणे.

त्याने मला विचारलं, "खरं का?"

मी म्हटलं, "खरं आहे."

मग त्याने कोपऱ्यातला लोखंडी स्टूल उचलला. तिने हात वर केला म्हणून स्टूल डोक्यावर न बसता कानावर आणि खांद्यावर बसला. पुन्हा उचलला तेव्हा मी त्याच्या पायाला मिठी मारली आणि मांडीत दात रोवले, पँटीसकट, आणि सोडले नाहीत. तो माझ्या पाठीत बुक्क्या घालत होता. त्याच वेळी खालचा पंप थांबला. माझी किंकाळी की स्टूलचा आवाज, काय ऐकू गेलं माहीत नाही, पण चाचा आणि त्यांची माणसं टायर उचकटायच्या पहारी घेऊन जिना चढली. चाचांनी एकच पहार त्याच्या मनगटावर घातली. मग त्याला शर्टाला धरून जिन्यावरून ओढत नेलं, प्रत्येक पायरी त्याला लागत होती, आणि मी वरून ओरडत होते, "अजून मारा, अजून मारा." चाचांनी मारलं नाही. रस्त्यावर बसवून ठेवलं आणि पोलिसांना फोन केला.

तिचा डावा कान कायमचा गेला. माझं मधलं बोट वाकडं जुळलं. तक्रार झाली, तो आत गेला, बाहेर आला, आणि भावाबरोबर पुण्याकडे कुठेतरी कामाला निघून गेला. सर त्या संध्याकाळी श्रीगोंद्याहून परतले, फुटलेला स्क्रीन, रक्त आणि बटणं बघत दारातच उभे राहिले. तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला. नंबर परत फिरवा म्हणून मामा ओरडत होते, मला दवाखान्यात जायच्या गडबडीतही ऐकू येत होतं. सर घसा खाकरून म्हणाले, "साहेब, तुमच्याच योजनेत नाव बाईंचं आहे. आता नंबरही बाईंचा आहे. मी यात शिरत नाही." आयुष्यात पहिल्यांदा मला त्या माणसाचा आदर वाटला.

तिचं केंद्र चाललं. नुसतं चाललं नाही, वाढलं. कधीमधी तिचा फोन यायचा. बहिऱ्या कानामुळे ती मोठ्याने बोलायची, मीही मोठ्याने बोलायचे, आणि सर हसून म्हणायचे, फोन ठेवा आणि असंच बोला, जामखेडपर्यंत जाईल. दिवाळीला तिने खव्याचा डबा पाठवला. गावातल्या दुसऱ्या बायकांनीही आपापले नंबर पाठवले आणि मी वाकड्या बोटाने एकेक बदलले. त्या दिवसांत मला वाटायचं की मारामारीतून कधी नव्हे ते काहीतरी धड निघालं. आईला मी तसं म्हणालेही होते. आईने नुसती तव्यावरची भाकरी उलटली होती.

मागच्या महिन्यात तिचा पुन्हा फोन आला. आवाज ठणठणीत.

"ताई, वस्तीवर दुसरं केंद्र घेतलंय. सुनंच्या नावावर करायचंय. लिहून घ्या."

मला आनंद झाला. तिचा मुलगा ट्रॅक्टरवर असायचा, लग्न अलीकडेच झालं होतं. मी सुनेचं नाव लिहून घेतलं आणि नंबर विचारला. तिने स्वतःचा सांगितला.

मी म्हटलं, "मावशी, हा तुमचा झाला. सुनेचा सांगा."

"माझाच टाका."

"अहो, पण काट्यावर ती बसणार ना?"

"तीच बसंल की. सकाळच्याला माझ्याकडं यील, मी आकडे सांगीन. पोर अजून लहान हाय, ताई. मोकळं सोडलं तर डोक्यावर बसंल. धाक पायजे."

माझा हात थांबला. मी म्हटलं, "तिच्याकडे द्या फोन."

"कशाला?"

"द्या म्हणते ना."

पलीकडे काहीतरी पुटपुटणं झालं. मग एक कोवळा आवाज आला, "हॅलो." मी माझं नाव सांगितलं, तिला विचारलं, तुझ्याकडे मोबाईल आहे का? आहे म्हणाली. मग तुझा नंबर सांग. ती म्हणाली, माझा? मी म्हटलं, घाबरू नकोस, हे खातं तुझं आहे, कुणाचा नंबर टाकायचा ते तू सांगायचंस.

तिने सासूचा नंबर सांगायला सुरुवात केली. पाठ होता तो तिला. ती एक आकडा सांगायची आणि थांबायची, मग दुसरा सांगायची आणि थांबायची. मी टाइप करत नव्हते. मी त्या दोन आकड्यांमधलं ऐकत होते. कुठलाही आवाज येत नव्हता, फक्त दर आकड्याआधी ती श्वास धरत होती, हात उठलेला दिसल्यावर आपण धरतो तसा. मला तो चांगला ओळखीचा आहे.

मग मावशींनी फोन परत घेतला. "घेतला का नंबर?"

त्या क्षणी त्या समोर असत्या, तर मी त्यांच्या थोबाडीत मारली असती.